लहान मंडळीचें बळ

मोठ्या समुदायांत मनुष्यास आश्रय मिळतो. परंतु तो आज आला नाहीं, ही गोष्ट लहान मंडळींतच कोणाच्या तरी ध्यानांत येते. उपासना-मंडळीचें खरें सामर्थ्य याच कसोटीवर पारखावें, असें आम्हांस वाटतें. आणि त्यासाठीं परधर्मीयांचें उदाहरण घेण्यांत वाचकांनीं संकोच मानूं नये.

जुहू येथील संत योसेफाचें देवालय १८५३ सालीं बांधलें गेलें. त्या काळीं जुहू हें वाळूचें एक अरुंद बेट होतें. ओहोटीच्या वेळीं साष्टीकडून तेथें पायीं जातां येई. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली व या भागांतील पोर्तुगीजांची सत्ता संपली. तरी येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची उपासना लोपली नाहीं. आमच्या मतें तिचा आधार राजसत्ता नसून गांवची मंडळी हा होता. आक्टोबराच्या पहिल्या रविवारीं नव्या भाताच्या लोंब्या देवालयांत नेऊन ते ‘आगेरा’ साजरा करतात. लग्नाआधीं सगेसोयरे वाजतगाजत विहिरीवर ‘उंबराचें पाणी’ आणावयास जातात. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां कित्येक गांवठाणांतून क्रूस उभारले गेले व तेथें शेजारीपाजारी प्रार्थनेस जमूं लागले. आजहि मुंबईच्या मोठाल्या ख्रिस्ती देवालयांतून शेजारच्या कांहीं कुटुंबांचे लहान गट केलेले असतात. ते एकमेकांच्या घरीं बसून शास्त्रपाठ व प्रार्थना करतात. दहा घरांच्या बैठकींत एक जागा रिकामी राहिली, तर ती सर्वांच्या डोळ्यांत भरते.

आमच्या इमारतींत एक विधुर गृहस्थ चार दिवस तापानें अंथरुणास खिळून होते. जवळच्या देवळांत उत्सवाची अलोट गर्दी होती. पण घोटभर पाणी देण्यास कोणी फिरकलें नाहीं. कोणी निर्दय होतें असें नव्हे. ते दिसले नाहींत, हें कोणास जाणवलेंच नाहीं.

संख्या थोडी म्हणून कार्य थोडें, असेंहि नाहीं. १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे सभासद नेहमीं मूठभरच राहिले. तथापि पंढरपूर येथें १८७५ सालीं निघालेला अनाथ बालकांचा आश्रम त्याच समाजानें चालविला. जेथें माणसें थोडीं, तेथें ‘दुसरा कोणी करील’ म्हणावयास दुसरा उरत नाहीं.

लहान मंडळींत दोषहि शिरतात. आस्थेची चौकशी पुढें चौकसपणा होते, आणि आपलेपणाचें कुंपण परक्यास बाहेर ठेवतें. यास्तव मंडळी लहान असावी, पण तिचें दार उघडें असावें.

आपल्याकडेहि भजनी मंडळें आहेत, हरिपाठास जमणारीं घरें आहेत. त्यांनीं नवे नियम करण्याची गरज नाहीं. पाठ आटोपल्यावर, आज कोण आलें नाहीं एवढें पाहावें, आणि घरीं परततांना एकानें त्याच्या दारावर थाप मारावी.