परिचित आणि दुर्मिळ : शब्द कोणाचा?

शब्दकोडे हा समीक्षेने गंभीरपणे घेण्याचा विषय नव्हे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तरीही भाषेविषयीचे जे निर्णय समीक्षक गृहीत धरून पुढे जातो, तेच निर्णय कोडेकाराला चौकटीचौकटीला उघडपणे घ्यावे लागतात. त्यांतील सर्वांत अवघड निर्णय असा, की कोणता शब्द सर्वपरिचित मानायचा आणि कोणता दुर्मिळ? वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नात ‘वाचक’ नावाच्या संकल्पनेचा सगळा गुंता साठलेला आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कोडेसंग्रहासाठी जमवलेली तीन अक्षरी शब्दांची यादी माझ्याकडे तपासणीसाठी आली. प्रत्येक शब्दापुढे संपादकांनी ‘परिचित’ किंवा ‘दुर्मिळ’ अशी नोंद आधीच केलेली होती. ‘सलिल’, ‘रजनी’, ‘अवनी’ हे शब्द परिचितांत होते. ‘तिफण’, ‘कासरा’, ‘गव्हाण’ दुर्मिळांत. मी ती यादी, नोंदी न सांगता, पदव्युत्तर वर्गात वाचून दाखवली. वर्ग सरळ दुभंगला. शेतकरी घरांतून आलेल्यांना तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार हे सांगावे लागले नाही. ‘सलिल’ मात्र त्यांच्यापैकी अनेकांना केवळ मुलाचे नाव म्हणून ठाऊक होता. शहरात वाढलेल्यांची अवस्था नेमकी उलट होती. दोन्ही गट मराठीचेच विद्यार्थी, एकाच परीक्षेला बसणारे. यादीतील नोंद शब्दांविषयी काही सांगत नव्हती. ती नोंद करणाऱ्याच्या घराविषयी सांगत होती.

यावर वस्तुनिष्ठ उपाय म्हणून मोजणीकडे बोट दाखवले जाते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये इंग्रजीतील १०,००० शब्दांची वारंवारितेवर आधारलेली सूची शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा मार्ग रूढ आहे. परंतु मोजणी छापील मजकुराची होते आणि छापील मजकूर म्हणजे भाषा नव्हे. ‘उपरोक्त’ हा शब्द कार्यालयीन कागदांत पावलोपावली भेटतो, पण बोलताना तो कोणी उच्चारत नाही. ‘पोळपाट’ वर्तमानपत्रात क्वचित येतो. तो ठाऊक नसलेले मराठी घर मात्र शोधावे लागेल. वारंवारिता आणि परिचय या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय मोजणी शब्दाचे रूप मोजते, अर्थ नव्हे. ‘सांबार’ सर्वांनाच परिचित. पण विदर्भात तो कोथिंबिरीचा वाचक आहे. ‘वावर’ पुण्यात हालचालीचा, वऱ्हाडात शेताचा. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला, तरी ‘सोळा आणे खरे’ म्हणणाऱ्याला तो अडत नाही. बैल नसलेल्या घरातही दिवस ‘कासराभर’ वर येतो. वस्तू गेल्यावरही शब्द वाक्प्रचाराच्या आश्रयाने टिकतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

संपादकांवर सगळा दोष टाकणेही न्याय्य नाही, कारण कोड्याच्या रचनेलाच एक कल आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले, ते एका घरात एक रोमन वर्ण या हिशेबाने. मराठी कोड्यात एका घरात संपूर्ण अक्षर बसते. मात्रा, जोडाक्षर, सगळे त्यासह. आडव्या शब्दातील ‘फ’ला उभ्या शब्दातही ‘फ’च हवा, ‘फा’ किंवा ‘फि’ चालत नाही. जुळणी इतकी काटेकोर असल्यामुळे कोडेकार पर्यायांच्या शोधात असतो आणि पर्यायांची रेलचेल संस्कृतात आहे. पाण्यासाठी जल, नीर, तोय, वारि, उदक, सलिल असे हवे ते उपलब्ध. तिफणीच्या जागी मात्र सहजी दुसरा शब्द बसत नाही. मग तेच तत्सम शब्द पुनःपुन्हा येतात आणि नियमित कोडी सोडवणाऱ्याला ‘तोय’ केवळ कोड्यांमुळे परिचित होतो. म्हणजे परिचितता ही आधी असलेली वस्तुस्थिती नसून व्यवहारातून घडवली जाणारी गोष्ट आहे, आणि जी घडवता येते ती वेगळ्या प्रकारेही घडवता येईल.

या संदर्भात ‘वर्डल’ या इंग्रजी शब्दखेळाचे उदाहरण उद्बोधक आहे. २०२१ मध्ये सार्वजनिक झालेला हा खेळ जॉश वॉर्डल यांनी मुळात आपल्या सहचारिणी पलक शाह यांच्यासाठी केला होता. पाच रोमन अक्षरांचे सुमारे १२,००० इंग्रजी शब्द त्यांच्यासमोर ठेवले गेले. ओळखीच्या शब्दांतून सुमारे २,५०० उत्तरांसाठी उरले. वोल्फगांग इझर यांच्या ‘अभिप्रेत वाचक’ या संज्ञेचा येथे जणू देहधारी अवतार दिसतो. एका व्यक्तीचा परिचय हाच निकष होता आणि तो प्रामाणिक होता, कारण खेळ त्या व्यक्तीसाठीच होता. २०२२ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला आणि त्यानंतर ‘अगोरा’सारखे काही शब्द उत्तरांतून वगळले. खेळणारे लाखांनी वाढले, तेव्हा एका माणसाचे ‘ठाऊक’ सर्वांचे ‘ठाऊक’ म्हणून चालेनासे झाले. आपल्याकडील अनेक सूच्यांमागेही असाच एखादा वाचक असतो. फरक इतकाच, की त्याचे नाव सांगितले जात नाही. तो ‘सर्वसामान्य वाचक’ या नावाने वावरतो.

साहित्यव्यवहारात हा अनाम वाचक अधिक परिणामकारक ठरतो. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी, गोमंतकी अशा शब्दांपुढे प्रदेशाची खूण असते. अभ्यासकाला ती उपकारक आहे. पण खूण म्हणजे काहीएका मध्यापासूनचे अंतर हेही तितकेच खरे. संपादित पुस्तकांतील शब्दार्थाच्या टीपा याच दृष्टीने पाहाव्यात. ग्रामीण कथेतील अवजारांच्या, नात्यांच्या, शिव्यांच्या शब्दांना टीप मिळते. पंडिती कवितेच्या रसग्रहणात आलेल्या ‘अनुस्यूत’ला ती सहसा मिळत नाही. ‘गोलपिठा’च्या (१९७२) प्रस्तावनेत विजय तेंडुलकर पांढरपेशा वाचकाच्या जागेवरून बोलतात आणि ती जागा लपवत नाहीत. मला ही कृती महत्त्वाची वाटते. शब्द दुर्मिळ आहे असे म्हणण्याऐवजी ‘हा शब्द माझ्या जगात नाही’ असे म्हणणे, हा केवळ नम्रतेचा नव्हे, तर अचूकतेचा प्रश्न आहे.

त्या यादीसोबत मी संपादकांना दोन सूचना पाठवल्या. दोन रकान्यांऐवजी ‘कोणाला परिचित’ असा एकच रकाना करावा. आणि एका जगातल्या शब्दाला छेदणारा शब्द दुसऱ्या जगातला असावा, म्हणजे ‘सलिल’ अडला तर त्याला ‘लगाम’ने वाट द्यावी आणि ‘तिफण’ अडली तर ‘फलक’ने. वाचक तक्रार करतील, या कारणाने पहिली सूचना मान्य झाली नाही. दुसरी काही कोड्यांत स्वीकारली गेली. मला या दुसऱ्या सूचनेचे मोल अधिक वाटते. कोड्यात अनोळखी शब्दापर्यंत पोहोचण्याचा रस्ता शब्दकोशातून जात नाही. तो शेजारच्या, ओळखीच्या अक्षरांतून जातो. कविता वाचतानाही आपण हेच करत असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना मी हल्ली टीपा तयार करण्याचे काम देतो, तेव्हा एक अट घालतो. ज्या शब्दाला टीप दिली, त्याच्यापुढे ती कोणासाठी दिली हे लिहायचे. आणि ज्या शब्दाला दिली नाही, तो कोणाला अडेल याचाही विचार करायचा. या दुसऱ्या भागाला वेळ फार लागतो. वर्गातले खरे बोलणेही तिथेच सुरू होते.