एका श्वासाची गाणी

आजीकडून जी गाणी मिळाली, त्यांची प्रत्येक ओळ एका श्वासात मावणारी होती. पावसाला पैसा देऊ करणारं गाणं, चांदोबाला निंबोणीच्या झाडामागे शोधणारं गाणं, मांडीवर झुलवताना म्हणायची गाणी. सदाशिव पेठेतल्या वाड्यात ती सतत कानावर पडायची. पण ओळ एवढीच का, हा प्रश्न मला पडला तो फार पुढे, रेकॉर्डर नावाच्या उभ्या बासरीमुळे.

त्याआधी घरात बासरी होती. सारसबागेबाहेर काठीला बासऱ्या खोचून उभ्या असलेल्या विक्रेत्याकडून बाबांनी घेतलेली, आडवी, सहा भोकांची. तिच्यातून पहिला स्वच्छ सूर निघेपर्यंत पावसाळा सरला. आडव्या बासरीत फुंकर भोकाच्या कडेवर नेमकी पडावी लागते आणि तो कोन ओठांनाच शोधावा लागतो. रेकॉर्डर उभा धरून वाजवायचा. त्याच्या तोंडाशीच अरुंद वाट असते, ती फुंकर थेट धारेवर नेते. गुराख्यांच्या अलगुजातही हीच युक्ती. म्हणून भाचीच्या शाळेत रेकॉर्डर आला, तेव्हा सूर तिला लगेच सापडला.

तिच्या पुस्तकाची सुरुवात बी, ए, जी या तीन स्वरांनी आणि ‘हॉट क्रॉस बन्स’ने होती. इंग्लंडातल्या मुलांना ते बरोबरच आहे. त्यांच्या कानात ते गाणं आधीपासून असतं. भाचीच्या कानात ते नव्हतं. ती कागदावरची टिंबं बघून बोटं उचलायची आणि स्वर चुकला तरी तिला तो खटकायचा नाही.

मी तिला जीला सा मानायला सांगितलं. मागचं भोक अंगठ्यानं बंद, पुढची वरची तीन बोटांनी बंद: सा. तिसरं बोट उचललं की रे, दुसरंही उचललं की ग. अंगठ्याचं भोक सोडलं तर बासरीवरही हुबेहूब हेच! वरची सहा झाकली की दोन्हींवर खालचा पंचम. आर्नल्ड डॉल्मेच यांनी १९१९ मध्ये इंग्लंडात नव्यानं घडवलेलं ते जुनं वाद्य आणि सारसबागेची बासरी एकाच बोटांना ओळखतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग आजीचं पावसाचं गाणं घेतलं. आमच्या घरची चाल या तीन स्वरांतच फिरते. आता स्वर चुकला की भाची स्वतःच थांबायची, “मावशी, हे असं नाहीये.” श्वास कुठे घ्यायचा हे मी सांगितलंच नव्हतं, ओळ संपली की ती घेत होती. लहान मुलाच्या छातीत मावेल तेवढीच ओळ! पेटीवर हीच गाणी मी वर्षानुवर्षं वाजवली, पण भाता हवा पुरवत राहतो, वाजवणाऱ्याचा दम लागतच नाही. आणि रेकॉर्डरला फुंकर हळू लागते. जोर केला की तो किंचाळत वरच्या सप्तकात जातो. झोपाळू बाळाजवळ गाताना सोडतो, तेवढाच श्वास त्याला पुरतो.

आता तिला ‘नाच रे मोरा’ हवंय. ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटासाठी गदिमांनी लिहिलेलं आणि पुलंनी चाल दिलेलं हे गाणं घराघरात आजीच्या गाण्यांइतकंच रुळलं आहे. ते तीन स्वरांत मावत नाही, म्हणून आम्ही शुद्ध मध्यमाला हात घातला आहे. इथे दोन्ही वाद्यांच्या वाटा वेगळ्या होतात: बासरीवर पहिलं भोक अर्धं झाकायचं, रेकॉर्डरवर अंगठा आणि मधलं बोट. भाचीचं बोट बसलं आहे; माझं अजून बासरीच्या सवयीनं पहिल्या भोकाकडेच जातं.