आमच्या नळ्या आणि सूनबाईंचा प्रश्न

सेवानिवृत्त मनुष्याने आपला वेळ कसा घालवावा, यासंबंधी उपदेश करणारांची संख्या निवृत्तांच्या संख्येहून नेहमीच मोठी असते. कोणी ज्ञानेश्वरीचे पारायण सुचवितो, कोणी परसात फुलझाडे लावावयास सांगतो, कोणी नातवंडांचा अभ्यास घ्या म्हणतो. ही तिन्ही कामे आम्ही यथाशक्ति करितो. तथापि दुपारची वामकुक्षी आटोपल्यावर जे दोन तास उरतात, त्यांत आम्ही जे करितो ते ऐकून काहींस हसू येते व काहींस राग येतो. आम्ही तंबाखू ओढण्याच्या लाकडी नळ्या, ज्यांस लोक पाइप म्हणतात, त्या हाताने घडवितो. वास्तविक आम्ही तंबाखू ओढीत नाही, खात नाही, आणि तपकिरीची चिमूटही आजवर नाकाला लाविलेली नाही.

या छंदाचे मूळ तंबाखूत नसून चरकसंहितेत आहे. आमचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत मात्र एका वृद्ध शास्त्रीबुवांपाशी बसून शिकलो आणि पुढे गंगापुरात तीन तपे मुलांना तेच शिकविले. चरकांच्या सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचे प्रकरण आहे. सुगंधी व औषधी द्रव्ये वाटून ती बोरूसारख्या काडीवर लिंपावयाची, अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळे लांब अशी, मध्ये फुगीर नि टोकांस निमुळती वात करावयाची, वाळल्यावर आतील काडी काढून घ्यावयाची, आणि ती वात तुपाने माखून नळीच्या टोकाशी पेटवावयाची. या नळीस 'धूमनेत्र' असे नाव आहे. तिची लांबी रोग्याच्या स्वतःच्या अंगुळांनी मोजावयाची असते : विरेचनासाठी २४ अंगुळे, स्नेहनासाठी ३२ आणि नित्याच्या प्रयोगासाठी ३६. नळी सरळ असावी, तिला तीन ठिकाणी फुगवटे असावेत, आणि टोकाचे छिद्र बोराच्या आठळीएवढे असावे. एवढ्या लांबीचे कारणही ग्रंथकारांनी दिले आहे. दुरून येणारा, गाठीगाठींशी अडणारा धूर निवळतो व इंद्रियांस बाधत नाही. धूर केव्हा घ्यावा याच्या आठ वेळा सांगितल्या आहेत. आणि अवेळी वा अति घेतल्यास बहिरेपणा, अंधत्व, मूकत्व, रक्तपित्त व घेरी हे परिणाम होतात, असेही बजाविले आहे.

ज्या वस्तूचे वर्णन आपणांस मुखोद्गत आहे ती हातात घेतल्यावर कशी लागते, हे पाहावे अशी इच्छा निवृत्तीनंतर झाली. म्हणून आमच्याच बोटांनी २४ अंगुळे मोजून एक धूमनेत्र कळकाचे केले. ते साधले, तेव्हा लाकडाकडे वळलो. आणि लाकडाचे काम शेजारच्या सुतारमिस्त्रींकडून शिकता शिकता पाइपापर्यंत येऊन पोहोचलो.

युरोपात पाइपासाठी जे लाकूड वापरतात ते भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ असते. ही गाठ कित्येक तास उकळून महिनोन्‌महिने वाळवितात, आणि मग ती निखाऱ्याची आच सहज सोसते. फ्रान्समधील सेंट-क्लोद या डोंगरी गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच गाठीवर नाव मिळविले. आमच्या मराठवाड्यात ती कोठून आणावी? आम्ही बाभळीवर संतोष मानिला. ज्या लाकडाची बैलगाडीची चाके व औतांचे भाग होत, ते चिवट असणारच. सामत्याने भोक पाडताना मनगट दुखून येते, पण कानस मारून, घासकागद फिरवून वर मेण चोळले म्हणजे आतील तांबूस रेषा अशा उजळतात की, मिस्त्रीही क्षणभर थांबून पाहतात.

पाइपात खरी कसोटी दोन छिद्रांची असते. एक भांड्याचे, सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीचे, वरून खाली; दुसरे धुराच्या वाटेचे, चारच मिलिमीटरचे, बाजूने. दोन्ही एकमेकांस दिसत नाहीत, तरी भांड्याच्या बरोबर तळाशी त्यांची गाठ पडली पाहिजे. बाजूचे छिद्र थोडे वर निघाले तर तळाचा भाग कोरा राहतो. थोडे खाली गेले तर तळच फुटतो. लाकूड शेगड्यात धरून शेवटचे चार फेरे देताना आम्ही श्वास रोखून धरितो. व्याकरणातील संधी बरोबर सुटला म्हणजे जसे वाटे, तसेच काहीसे त्या वेळी वाटते.

इतके दिवस घरात कोणी हरकत घेतली नव्हती. हरकत आली ती धाकट्या सूनबाईंकडून, आणि तिला वजन होते. सूनबाई दंतवैद्य आहेत. आमच्याच तालुक्यातील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळ त्यांचा दवाखाना आहे. आमच्या चौदा वर्षांच्या नातवाने एके दिवशी कपाटातील एक नळी काढून तोंडात धरली व आरशासमोर उभा राहिला. कोणी त्यास मारले नाही की ओरडले नाही. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, तुमचे चरक अंगुळांनी नळी मोजीत. मी बोटांनी तोंड मोजते. धड माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. माझ्याकडे वीस-बावीस वर्षांची मुले येतात, त्यांच्या तोंडात दोनही मावत नाहीत."

आम्ही म्हणालो, "ती मुले पाइप ओढीत नाहीत. ती पुडी फाडतात." हे खोटे नव्हते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत ओढणारे शेकडा ३.८ च होते, बाकीचे बहुतेक खाणारे. पाइप तर आमच्या गावात कोणाच्याच हाती दिसत नाही.

सूनबाई म्हणाल्या, "खरे आहे. पण पुडी कुरूप आहे, ती मुले लपवून ठेवितात. तुमची नळी सुंदर आहे. मला भय वाटते ते त्या सौंदर्याचेच."

या बोलण्यास आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. उलट इतिहास त्यांच्याच बाजूने साक्ष देताना आठवला. तंबाखू ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. चरकांस ती ठाऊकही नव्हती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आमच्या किनाऱ्यास लागली. अकबराच्या दरबारी ती नेली असद बेग या सरदाराने, आणि तीही आमच्याच दख्खनमधून, विजापुराहून, इ. स. १६०४ च्या सुमारास. त्याने नुसती पाने नेली नाहीत. तीन हात लांबीची, दोन्ही टोकांस रत्ने व मीनाकाम असलेली नळी, सोन्याची चिलीम आणि तोंडाशी धरावयास यमनी अकीकाचा लंबगोल तुकडा, असा सारा थाट तबकात मांडून त्याने बादशहासमोर ठेविला. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरला व त्याने पुढे घेऊ दिले नाही. बादशहाने ती सवय लावून घेतली नाही, पण अमीरउमरावांनी घेतली. १६१७ साली जहांगिराने बंदीचे फर्मान काढिले, तोवर उशीर झाला होता. नुसती पाने असती तर बादशहाने हात पुढे केला असता काय? तबकातील नळीने वाट उघडली, असेच म्हणावे लागते.

मात्र दुसऱ्या बाजूची साक्षही आहे, आणि ती आम्ही दुसऱ्या दिवशी सूनबाईंपुढे मांडिली. बिदर हे निजामाच्या राज्यात आमच्याच बरोबर होते. तेथील कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदी बसवितात, आणि किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर घालून त्या लेपाने भांडे काळे करितात. चांदी मात्र पांढरीच राहते. या बिदरी कामातील कित्येक उत्तमोत्तम वस्तू म्हणजे हुक्क्याची भांडी होत. आज ती संग्रहालयांत आहेत. त्यांत कोणी पाणी भरीत नाही. हुक्क्याचे दिवस सरले, तरी हात उरला. तेच कारागीर फुलदाण्या व डब्या करितात आणि २००६ साली त्या कलेस भौगोलिक मानांकनही मिळाले. भांडे व्यसनाहून दीर्घायुषी होऊ शकते, एवढेच आमचे म्हणणे.

सूनबाईंस ते पुरते पटले नाही, आणि त्यांनी पटल्याचे दाखविलेही नाही. तथापि घरात काही गोष्टी ठरल्या. नळी विकावयाची नाही. तंबाखू सेवणारास ती भेट म्हणूनही द्यावयाची नाही. कपाटास कुलूप असावे. आणि नातवास नळी पाहावयाची असेल तर त्याने ती तोंडात न धरता शेगड्यात धरावी. तो आता रविवारी आमच्याजवळ बसतो. पहिली दोन लाकडे त्याने तळाशी फोडली. तिसऱ्याच्या वेळी छिद्रे जुळली, तेव्हा त्याने नळी डोळ्याशी धरून आरपार उजेड पाहिला व तशीच सूनबाईंच्या हाती दिली. त्यांनीही ती डोळ्याशी धरली. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या नियमाची किंमत आम्हांस लगेच द्यावी लागली. आमच्या वर्गातले एक बालमित्र पन्नास वर्षे विडी ओढीत आले आहेत. डॉक्टरांनी ती सोडण्यास निक्षून सांगितल्यावर ते आमच्याकडे आले व म्हणाले, "विडी सोडतो, पण तुझ्या हातची एक नळी दे. दिवसातून एकदाच ओढीन." विडीहून पाइप सौम्य, अशी त्यांची समजूत. ती समजूत खरी नाही. पाइपाच्या धुरानेही ओठ, जीभ व घसा यांचा कर्करोग होतो, हे आता सर्वमान्य आहे. आम्ही नकार दिला. साठ वर्षांच्या मैत्रीत त्यांनी आमच्याजवळ प्रथमच काही मागितले होते. ते उठून गेले, आणि पुढे चार महिने आमच्या ओट्यावर आले नाहीत. आता येतात, पण पूर्वीसारखे आतल्या खोलीत येत नाहीत. आम्हीही बोलावीत नाही.

सुज्ञ वाचक विचारतील की, इतके सारे सोसून हा छंद ठेवावयाचा कशास? आमचे उत्तर असे की, ज्या हातांनी तीन तपे खडूच धरिला, त्यांस उतारवयात एक अवघड गोष्ट बिनचूक करता येते, हे सुख आम्हांस सोडवत नाही. ते सुख नळी भरून पेटविण्याशी बांधलेले नाही, हे मात्र आम्ही प्रत्यही सिद्ध केले पाहिजे. सूनबाईंस आणि स्वतःसही. सध्या ३६ अंगुळांचे धूमनेत्र करावयास घेतले आहे. तिसरा फुगवटा अजून बाकी आहे.