थंडीत येणाऱ्या उबाऱ्यास अनावृत पत्र

पौषातल्या उबाऱ्या,



सातारा-सांगलीकडे थंडी चांगली जमलेली असते. पहाटे कृष्णेच्या पाण्यावर वाफ दिसते, चौकात शेकोट्या पेटतात, आणि अशात एके दिवशी उत्तरेचा कोरडा वारा पडतो. दुसऱ्या दिवशी तो पूर्वेकडून, आग्नेयेकडून वाहू लागतो. त्याच्याबरोबर समुद्रावरचं बाष्प येतं आणि आभाळ भरतं. एरवी निरभ्र रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते. तू आलास की ढगांची गोधडी ती अडवून धरते आणि पहाटेचा पारा एकदम चढतो. माणसं म्हणतात, ‘थंडी गेली वाटतं.’ ती गेलेली नसते. ढग हटले, वारा पुन्हा उत्तरेचा झाला की गारठा परत येतो. पण मधल्या दोन-चार दिवसांत तू जे करून जातोस, त्याबद्दल तुला लिहायचं आहे.

आधी तुझे उपकार. साखर कारखान्यांच्या गाळपासाठी मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबं पाचटाच्या कोपीत राहतात. पहाटे अंधारातच त्यांना फडात उतरावं लागतं. कोपीत निजलेल्या तान्ह्या लेकराला तुझ्यामुळे दोन रात्री नीट झोप लागते. माण, खटाव, आटपाडीचे मेंढपाळ उघड्या रानात वाडा बसवतात, त्यांनाही तू सुखाचा वाटतोस. म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले गुडघे सैल होतात. द्राक्षबागेलाही फार कडक थंडी मानवत नाही. मण्यांची फुगवण थांबते, आणि माल तयार होताना थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक चढून भाव पडतो. म्हणजे तुझी ऊब आम्हाला नको आहे, असं नाही. आमचं भांडण तुझ्या ओलाव्याशी आहे.

कृष्णा जिथे उगम पावते, त्या महाबळेश्वरापासून सुरुवात करतो. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. त्यासाठी आभाळ स्वच्छ आणि वारा शांत लागतो. तू आलास की ते दृश्य नाही. पण पर्यटक हिरमुसले एवढ्यावर ते थांबत नाही. महाबळेश्वर, पाचगणी, भिलारच्या स्ट्रॉबेरीला थंड रात्र आणि लख्ख दिवस लागतो, त्यातूनच तिला रंग आणि गोडी येते. 2010 साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हवेसकट. दमट, ढगाळ दिवसांत तिच्या फळांवर राखाडी बुरशी चढते आणि तयार माल वाफ्यातच सडतो.

तिथून खाली तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळकडे ये. थॉमसनमधून निवडलेलं ‘तास-ए-गणेश’ हे वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी देशाला दिलं. अशा हिकमती बागायतदारांचा हा मुलूख आहे. गोडी छाटणी करून तीन महिने झालेले असतात. काही बागांत मणी फुगत असतात, काहींत मण्यात पाणी उतरलेलं असतं, आगाप छाटलेला माल काढणीला आलेला असतो. वर्षाचा सगळा खर्च तेव्हा वेलीवर टांगलेला असतो. नुसतं आभाळ आलं तरी भुरी ही बुरशी धरते; तिला पावसाची गरज लागत नाही. पान काही तास ओलं राहिलं की डाऊनी या रोगाला वाट मिळते. आणि पाणी उतरलेल्या घडावर पाऊस झाला तर मणी तडकतात, तडकलेल्या मण्यातून रस गळतो आणि सगळा घड कुजतो.

मग रात्रीच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला जातो. सकाळी एक फवारणी, संध्याकाळी दुसरी. याच डाऊनीवर फ्रान्समधल्या बोर्डो इथे प्राध्यापक मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण 1885 साली जगापुढे ठेवलं; आमचे बागायतदार अजून ते वापरतात. पण काढणी जवळ आलेली असताना प्रत्येक औषध दुसरी अडचण घेऊन येतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधाच्या अंशाची मर्यादा काटेकोर असते. फवारावं तर निर्यात अडते, न फवारावं तर बाग जाते. बेदाण्याला निघालेला मालही सुटत नाही. शेडमध्ये जाळीवर पसरलेली द्राक्षं दमट हवेत वाळत नाहीत, बेदाणा काळवंडतो आणि तासगावच्या सौद्यात त्याचा दर उतरतो.

कोरडवाहू रानात तुझा हिशेब वेगळा आहे, तोही मांडायला हवा. जत, आटपाडी, माणचा शाळू जमिनीतल्या ओलीवर जगतो. तो पोटरीत असताना तू हलकी सर आणलीस तर तो तुला दुवा देतो. पण तू नुसता ढग होऊन रेंगाळलास तर मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो आणि कडब्याचीही प्रत जाते. हरभऱ्यावर घाटेअळीचा जोर होतो. एकाच शिवारात एक शेतकरी तुझी वाट बघतो आणि बांधापलीकडचा तुला हात जोडून जा म्हणतो.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर तुझा एक भाऊबंद येतो, त्याला चिनूक म्हणतात. रॉकी पर्वतावरून खाली उतरताना हवा दाबली जाऊन तापते. जानेवारी 1972 मध्ये मोंटाना राज्यातल्या लोमा इथे त्याने 24 तासांत पारा उणे 48 अंशांवरून 9 अंशांवर नेला. पण तो कोरडा असतो, बर्फ खाऊन निघून जातो. तू ओला असतोस.

तुझं येणं आता अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे सरकलं, तेव्हा महाराष्ट्रावर ढग आणि पाऊस आला. 1 आणि 2 डिसेंबर 2021 च्या अवकाळीत सांगली-नाशिकच्या बागा झोडपल्या गेल्या, आणि पुणे जिल्ह्यात पाऊस-गारठ्याने मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि इथली जमत आलेली थंडी पळाली. समुद्र दूर आहे, पण त्याच्या पोटात काय चाललंय हे तासगावच्या बागायतदाराला मोबाइलवर रोज बघावं लागतं.

तुला दोष देऊन काही होणार नाही. तू वाऱ्याच्या दिशेने येतोस, आमची पिकं बघून येत नाहीस. दोष आमच्या व्यवस्थेचा आहे. द्राक्षाच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस, कमी तापमान आणि गारपीट हे धोके मोजले जातात. कडाक्याची थंडी मोजली जाते. तू आणलेले ढगाळ, दमट दिवस मात्र निकषात बसत नाहीत. पाऊस नोंदला गेला नाही, मग नुकसान कसलं, असं उत्तर मिळतं. बाग मात्र भुरीने गेलेली असते. हवामान केंद्र महसूल मंडळात एक, आणि मंडळात गावं अनेक. ओढ्याकाठच्या बागेतलं दव त्या केंद्राला कसं दिसणार?

म्हणून हे पत्र तुझ्या नावाने असलं तरी मागणी सरकारकडे आणि विमा कंपन्यांकडे आहे. हवामान केंद्रं गावपातळीवर आणा. तापमान आणि पावसाबरोबर पान किती तास ओलं राहिलं, याचीही नोंद घ्या आणि तिला विम्याच्या निकषात जागा द्या. बागेवरच्या प्लास्टिक आच्छादनाचा खर्च एकरी लाखांत जातो. लहान बागायतदाराला तो अनुदानाशिवाय झेपत नाही, ते अनुदान त्याच्यापर्यंत पोचवा. आणि हे सगळं पुढच्या गोडी छाटणीच्या आधी व्हायला हवं, कारण छाटणीनंतर बागायतदाराच्या हातात फवारणीशिवाय काही उरत नाही.

कळावे,
कृष्णाकाठचा एक रहिवासी