पहाटेचा राग पहाटेच

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, त्या काळात मी गाणं ऐकायला शिकले. मध्यरात्र उलटल्यावर दरबारी, मग कुठेतरी सोहनी, आणि उजाडता उजाडता भीमसेन जोशी, हा क्रम अंगात मुरला होता. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद होऊ लागले. आजाऱ्यांना, लहान मुलांना झोप हवी, हे मला पूर्ण पटतं. पण तेव्हापासून रात्रीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहराचे राग आमच्या कानांवर त्यांच्या वेळेला पडेनासे झाले. मालकंस संध्याकाळी, ललत सकाळी नाश्ता आटोपल्यावर. राग तेच, गाणारे कसलेले, तरी काहीतरी उणं राहायचं. ते भरून काढायला मी भर उन्हाळ्यात बनारसला गेले. तिथल्या संकटमोचन मंदिरात हनुमान जयंतीच्या पाठोपाठ संगीत समारोह भरतो आणि सलग काही रात्री, संध्याकाळच्या आरतीनंतर थेट सकाळपर्यंत गाणं-बजावणं चालतं. १९२३ पासून.

महानगरी एक्सप्रेस मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते. दिवस उगवतो खानदेशात. दुपारी इटारसीच्या आसपास डब्याचे पत्रे तापले होते आणि खिडकीतून येणारी हवा सोसवत नव्हती. समोरच्या बाकावरचं जौनपूरकडचं कुटुंब ओला पंचा आळीपाळीनं डोक्यावर घेत होतं. त्यांनी मलाही दिला. बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

उतरले दुर्गाघाटावर, नात्यातल्या एका काकूंकडे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं कित्येक पिढ्यांपासून आहेत. काकूंची मराठी हिंदीच्या वळणानं चालते, ‘मला झोप लागून गेली’ असं त्या सहज म्हणतात. मी चैत्र म्हटलं की त्या वैशाख म्हणायच्या. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपल्याकडचा चैत्र वद्य पक्ष तिथे वैशाखात जातो. “दुपारी झोप काढून घे गं, नाहीतर दोन वाजताच पेंगशील,” एवढा एकच सल्ला त्यांनी दिला, आणि तो अगदी योग्य होता. जाड भिंतींच्या त्या वाड्यात, खिडक्या लावून, मी रोज दुपारी गाढ झोपत असे.

संध्याकाळी गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालायचं, पुढे ई-रिक्षानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुर्गाकुंडाच्या पलीकडे. संकटमोचन बनारस हिंदू विद्यापीठाच्या वाटेवर आहे. दारावर तपासणी कडक असते. ७ मार्च २००६ रोजी इथे बॉम्बस्फोट झाला होता. पुढच्याच महिन्यात समारोह भरला, हे बनारसमधले लोक अजूनही अभिमानानं सांगतात. तेव्हा महंत होते वीरभद्र मिश्र, हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि गंगा स्वच्छ व्हावी म्हणून आयुष्य वेचणारे गृहस्थ. त्यांच्या घरातले अमरनाथ मिश्र स्वतः पखवाज वाजवत. आजचे महंत विश्वंभरनाथ मिश्र हेही प्राध्यापकच. ज्या देवळाच्या महंतांच्या घरात पखवाज वाजतो, तिथे गाणं टिकतं, असं मला आत शिरल्यावर वाटलं.

आत तिकीट नाही, पुढच्या रांगांचा वेगळा दर नाही. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्यानं बसावं. माझ्या एका बाजूला विद्यापीठातल्या संगीत शाखेच्या मुली वही घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला दर्शनाला आलेली आणि मग तिथेच रमलेली एक म्हातारी, हातात बेसनाच्या लाडवांचा द्रोण. कलाकार देवासमोर बसतात. मानधन घेत नाहीत. ‘हाजिरी लगाने आये हैं’ असं म्हणतात, आणि ते म्हणण्यापुरतं नसतं. पंडित जसराज अनेक दशकं इथे येत राहिले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे समारोह ऑनलाइन करावा लागला, तेव्हा ते अमेरिकेत न्यू जर्सीत अडकले होते. त्यांनी तिथून हजेरी लावली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला ते गेले. २०१५ मध्ये पाकिस्तानचे गुलाम अली याच हनुमानापुढे गायले. देवळाचं दार एवढं मोठं असावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. इथे ती प्रत्यक्षात आलेली दिसली.

टाळ्या कमी, ‘हर हर महादेव’ जास्त. कथकच्या एका तरुण नर्तकीनं लांबलचक तिहाई अचूक समेवर आणून टाकली तेव्हा सगळं आवार एका आवाजात गरजलं. बनारसच्या कानाला तबला फार कळतो. पंडित राम सहाय यांच्यापासून चालत आलेलं हे घराणं. कंठे महाराज, अनोखेलाल, किशन महाराज, सामता प्रसाद ही नावं तिथला पानवालाही घरच्यासारखी घेतो. मध्येच कुणीतरी “वाह गुरू!” म्हणतं, आणि ते कायद्याच्या नेमक्या पलट्याला म्हटलेलं असतं.

मग एका वयस्क गायिकेनं चैती घेतली. चैती हे चैत्राचं गाणं, दर ओळीला रामाला साद घालणारं. काकूंच्या हिशेबानं महिना उलटून गेला होता, पण श्रोत्यांचा आग्रह होता. तिचा आवाज थकलेला होता, वरच्या षड्जाला जाताना कापत होता. तरीही एकेका शब्दाला ती चार-चार तऱ्हांनी जवळ घेत होती, आणि मला ते त्या रात्रीतलं सगळ्यात खरं गाणं वाटलं.

दीडच्या सुमाराला सरोदवर मालकंस सुरू झाला. बाहेर जाऊन पुरव्यातला, म्हणजे मातीच्या कपातला, चहा घेऊन आले तेव्हा आलाप अजून मंद्रातच होता. हवेतली झळ आता पूर्ण गेली होती. झाडांवरची माकडं केव्हाच झोपली होती. साडेसातच्या मालकंसात काय उणं असतं ते इथे उमगलं: त्या वेळी ऐकणारा अजून दिवसातून बाहेर पडलेला नसतो. डोक्यात बस असते, रिक्षा असते, उद्याचा डबा असतो. रात्री दीडला यातलं काहीच उरत नाही, आणि मंद्र धैवतावर वादक थांबला की आपणही थांबतो.

शेवटचे गवई बसले तेव्हा चार वाजून गेले होते. त्यांनी तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवून घेतली आणि विद्यापीठाच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या: ललत येणार. ललतात पंचम नाहीच. दोन मध्यम शेजारी शेजारी लागतात, शुद्ध आणि तीव्र. पुस्तकात हे वाचताना ती एक विलक्षण रचना वाटते. पण त्या वेळी आकाश खरोखरच अर्धं रात्रीचं आणि अर्धं दिवसाचं होतं, आणि गळा एका मध्यमावरून दुसऱ्यावर जात होता. मी डोळे मिटले नाहीत. वर बघत ऐकलं. विलंबित संपून द्रुत सुरू होईपर्यंत झाडांची पानं वेगवेगळी दिसायला लागली होती, कोकिळा बोलत होती. आमच्यातला कुणी घड्याळाकडे बघत नव्हता.

भैरवीनंतर सगळे विद्यापीठाजवळच्या लंका चौकाकडे निघाले. कचोरीच्या दुकानात कढई तापली होती आणि बाकड्यांवर रात्रीचेच श्रोते होते. वाद रंगला होता तो ललतातल्या धैवताचा. भातखंड्यांनी हा राग मारवा थाटात घातला, म्हणजे धैवत शुद्ध. आज बहुतेक गवई तो कोमल लावतात. पहाटेचा धैवत कोमलपेक्षा किंचित चढा होता, असं एका धोतरवाल्या आजोबांचं ठाम मत, आणि कॉलेजातल्या मुलाला ते मान्य नव्हतं. आजोबा माझ्याकडे वळले, “आप तो पूना से आयी हैं, आप बताइए.” मी म्हटलं, चढाच होता, आणि अवरोहात जास्त जाणवत होता. मुलानं लगेच तो अवरोह गुणगुणून दाखवला, आजोबांनी त्याला मध्येच अडवून आपला म्हणून दाखवला, आणि दुकानदारानं कुणी न सांगता सगळ्यांच्या द्रोणांत आणखी एकेक कचोरी टाकली.