चार ब्राउझर

कांद्याच्या भावांच्या जुन्या नोंदी गोळा करायला बसलो, तेव्हा वहीत पहिला हिशेब मांडला. राज्यात तीनशेच्या आसपास बाजार समित्या. दहा वर्षांचे १२० महिने. एका समितीच्या एका महिन्याचं एक पान धरलं तर ३६,००० पानं. पान उघडायचं, समिती निवडायची, तारीख भरायची आणि तक्ता येईपर्यंत थांबायचं: ८ सेकंद. एकच ब्राउझर लावला तर ८० तास. चार लावले तर २०. वीस लावले तर ४. वीसचा आकडा कागदावर फार गोड दिसला.

*

ब्राउझर लागतोच का, हे आधी तपासावं. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची खिडकी उघडली की पान मागच्या बाजूने काय मागवतंय ते दिसतं. पुष्कळदा तक्त्यामागे साधा जेसन (JSON) मजकूर सापडतो. तो थेट मागवला तर चित्रं, फॉन्ट, जाहिराती काहीच उतरवावं लागत नाही. आपलं काम हलकं होतं आणि सर्व्हरचंही. मला ज्या संकेतस्थळावरून नोंदी हव्या होत्या तिथे ही वाट नव्हती. प्रत्येक निवडीनंतर पान नव्याने बनत होतं. म्हणून ब्राउझर.

*

ब्राउझर प्रोग्रामने चालवणारी साधनं मुळात सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी जन्मली. जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्समध्ये असताना, सेलेनियमची सुरुवात केली. तेव्हा याच क्षेत्रात मर्क्युरी (म्हणजे पारा) नावाची कंपनी होती आणि सेलेनियम हा पाऱ्याच्या विषावर उतारा मानतात, त्यावरून हे नाव पडलं. २०१७ साली क्रोम खिडकी न उघडता चालू लागला. त्याच वर्षी पपेटिअर आलं, २०२० साली प्लेराइट. मी प्लेराइट वापरतो. एकाच ब्राउझरच्या पोटात एकमेकांपासून तोडलेले कप्पे त्यात सहज करता येतात. त्या कप्प्यांची किंमत मला पुढे कळली.

*

पहिली चूक. चार टॅब उघडले, चौघांनाही वेगवेगळ्या समित्या दिल्या. एकही त्रुटी आली नाही, लॉग स्वच्छ. दोन दिवसांनी तक्ते शेजारी ठेवले तर लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतची आवक एका दिवशी शेवटच्या क्विंटलपर्यंत सारखी. किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, सगळं तेच. दोन मोठ्या बाजारांत असं होणं शक्य नाही.

कारण असं निघालं: चारही टॅबची कुकी एकच होती, म्हणून सर्व्हरच्या लेखी आम्ही चौघं मिळून एकच माणूस. कुठली समिती निवडली हे तो आपल्या सेशनमध्ये ठेवत होता. एका टॅबने पिंपळगाव निवडलं, तेवढ्यात दुसऱ्याने लासलगाव निवडलं, आणि पहिल्याने ‘दाखवा’ दाबलं तेव्हा हाती आलं लासलगाव. माझ्या प्रोग्रामने त्यावर इमानेइतबारे पिंपळगावचं नाव लावलं.

समांतर कामातला हा सगळ्यात वाईट प्रकार. बंद पडलेला प्रोग्राम निदान दिसतो. चुकीचा भाव बरोबर भावासारखाच दिसतो. आता प्रत्येक कामाला स्वतंत्र कप्पा, स्वतंत्र कुकी. शिवाय तक्त्याच्या डोक्यावर छापलेलं समितीचं नाव वाचायचं आणि आपण मागितलेल्या नावाशी जुळलं तरच नोंद घ्यायची. तोवर गोळा केलेलं सगळं पुसून टाकलं.

*

दुसरी चूक वीस ब्राउझरची. संध्याकाळी आठला सुरू केलं. पहिली पाच-सात मिनिटं झपाट्याने गेली. मग एकेक पान ८ सेकंदांऐवजी १५, मग २५, मग ४० सेकंद घेऊ लागलं. माझ्या यंत्राची १६ जीबी मेमरी भरत आली होती, म्हणून दोष तिचाच वाटला. रात्रभर चालू ठेवलं.

सकाळी मावसभावाचा फोन. विंचूरजवळ त्याचा कांदा असतो. “दादा, रात्री भाव बघायला गेलो तर पान नुसतं फिरतच राहिलं. शेवटी अंदाजानं गाडी भरली.” मी कुठल्या कामात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. वेळ जुळवून पाहिली. ती माझ्याच ब्राउझरांची होती.

*

वीस ब्राउझर, पानाला ४० सेकंद: दर २ सेकंदांना एक पान.
चार ब्राउझर, पानाला ८ सेकंद: दर २ सेकंदांना एक पान.

हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. सोळा ब्राउझर जास्तीचे लावून मी एक सेकंदही वाचवला नव्हता. फक्त रांग लांबवली होती, आणि त्या रांगेत माझ्यामागे शेतकरी उभे होते. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांचा जो नियम सिद्ध केला तो हाच: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. सर्व्हरचा वेग ठरलेला असेल तर गर्दी वाढवून फक्त थांबणं वाढतं.

म्हणून ब्राउझर एकेक करून वाढवायचे आणि पानाचा वेळ मोजत राहायचं. तो वाढू लागला की एक पाऊल मागे. माझ्याकडे पाचव्याला वेळ वाढला.

*

काम वाटण्याच्या दोन रीती. यादीचे आधीच चार वाटे घालायचे, किंवा एक सामाईक रांग ठेवून ज्याचं हातातलं संपलं त्याने पुढचं उचलायचं. वाट्यांमध्ये एकाच्या गळ्यात मोठे बाजार पडतात, बाकीचे तिघं लवकर उरकून बसून राहतात. रांगच बरी.

*

सर्व्हरकडून येणारा ४२९ हा प्रतिसाद २०१२ साली वेबच्या प्रमाणांत आला. अर्थ सरळ आहे: फार मागण्या होताहेत, थांबा. सोबत किती थांबायचं तेही कधीकधी सांगितलेलं असतं. ते पाळायचं. सांगितलेलं नसेल तर आधी २ सेकंद, मग ४, ८, १६. त्यात प्रत्येकाच्या वेळेत थोडा फरक मुद्दाम घालायचा, नाहीतर सगळे ब्राउझर एकाच क्षणी परत दार ठोठावतात.

*

ब्राउझर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवत असाल आणि क्रोमचा टॅब वारंवार कोसळत असेल तर सामाईक मेमरी बघा. डॉकर ती मुळात ६४ एमबीच देतो. क्रोमला ती पुरत नाही.

*

समित्यांची नावं. एका ठिकाणी ‘पिंपळगाव’, दुसरीकडे ‘पिंपळगांव’. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड या तीन वेगळ्या नोंदी आहेत, त्या एकत्र करायच्या नाहीत. देवनागरी आकड्यांची मला उगाच धास्ती होती. पायथॉन ‘१२५०’ सरळ संख्या म्हणून वाचतो.

*

कॅप्चा आला की थांबतो. तो फोडून देणाऱ्या सेवा मिळतात, दर मागणीला नवा आयपी पत्ता देणारे प्रॉक्सीही मिळतात. मी दोन्ही वापरत नाही. भाव सार्वजनिक आहेत, पण सर्व्हर कोणाच्या तरी पैशावर आणि देखभालीवर चालतो. प्रोग्रामांनी कुठली पानं उघडू नयेत हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टेक्स्ट फाइलची रीत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ साली सुचवली आणि २०२२ साली ती रीतसर प्रमाण झाली. त्या फाइलला कुलूप नसतं, ती मान ठेवणाऱ्यांसाठीच लिहिलेली असते. माझ्या ब्राउझरच्या ओळखीच्या ओळीत माझा ईमेल पत्ता आहे. त्रास झाला तर चालवणाऱ्यांनी मला गाठावं.

*

शेवटी चार ब्राउझर, रात्री एक ते चार, सात रात्री. रोज सकाळी आदल्या रात्रीची पन्नास पानं हाताने उघडून ताडून पाहिली.

एवढं सगळं ज्या नोंदींसाठी केलं, त्या दहा वर्षांच्या तक्त्यांची एकत्र फाइल फारशी मोठी होत नाही. भावांची संकेतस्थळं चालवणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे: महिना संपला की त्या महिन्याचे सगळे भाव एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये ठेवा आणि तिचा दुवा पहिल्या पानावर द्या. मग कोणालाही चार काय, एकही ब्राउझर तुमच्या दारात उभा करावा लागणार नाही, आणि गाडी भरायच्या आदल्या रात्री शेतकऱ्याचं पान लगेच उघडेल.