तारीख अडते तेव्हा

तिच्या पहिल्या नोकरीत पायथॉन २.६ नुकतंच येऊन थडकलं होतं. साल २००८. बॉब इप्पोलिटोची सिम्पलजेसन लायब्ररी त्या आवृत्तीपासून ‘जेसन’ नावाने भाषेचाच भाग झाली होती. विम्याच्या हप्त्यांची यादी दुसऱ्या यंत्रणेला पाठवायची, एवढंच तिचं काम. नाव गेलं, रक्कम गेली, हप्त्याच्या तारखेपाशी मात्र प्रोग्रॅम टाइपएरर देऊन आडवा झाला. डग्लस क्रॉकफर्डने रूढ केलेल्या जेसनमध्ये मजकूर, आकडे, खरं-खोटं, नल, याद्या आणि नाव-मूल्याच्या जोड्या बसतात. तारखेला तिथे जागाच नाही.

उपाय ओळीभराचा. लायब्ररीच्या डंप्स फंक्शनला ‘डिफॉल्ट’ म्हणून आपलं फंक्शन द्यायचं. अनोळखी वस्तू आली की लायब्ररी ती त्याच्याकडे सोपवते. आपण आयएसओ पद्धतीचा मजकूर परत करायचा आणि आपल्यालाही न कळणाऱ्या वस्तूला टाइपएरर द्यायचा. पुष्कळ जण हे दुसरं टाळतात, सरळ ‘डिफॉल्ट=एसटीआर’ लिहून मोकळे होतात. तिला त्याचा मनस्वी राग. कारण मग एखाद्या दिवशी फाइलीत ग्राहकाऐवजी ग्राहकाच्या ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता लिहिला जातो, आणि कोणी तक्रारही करत नाही.

नेम्डटपल तर त्याहून बेरकी. तो टपलचाच वंशज, त्यामुळे डिफॉल्टला विचारलंच जात नाही. रकान्यांची नावं गळून मुकाट्याने साधी यादी उतरते.

खरा पेच परतीच्या वाटेवर असतो. ‘२०१२-०३-०१’ ही तारीख, की कोणी भरलेला मजकूर? म्हणून तिने प्रत्येक खास वस्तूसोबत तिचा प्रकार लिहायला सुरुवात केली आणि वाचताना ऑब्जेक्ट-हुकमध्ये तो ओळखून मूळ वस्तू उभी केली. पायथॉनच्याच पिकलने हे सगळं फुकट केलं असतं, पण पिकलची फाइल उघडताना तिच्यातला कोडही चालू शकतो. बाहेरून आलेल्या फाइलीसाठी तो विचारच नको.

पुढच्या नोकरीत पायथॉनच्या जोडीला गो आलं, आणि जेसनच्या जागी सादायुकी फुरुहाशी यांचं मेसेजपॅक. २०१३ पासून त्यात एक्स्टेन्शन प्रकार आहेत: ० ते १२७ हे क्रमांक आपले, ऋण क्रमांक मेसेजपॅकसाठी राखीव. २०१७ साली उणे एक क्रमांक वेळेला मिळाला, तेव्हा तारखेसाठीचा आपला क्रमांक तिने आनंदाने रिकामा केला. पैशांचा दशांश मात्र अजून घरच्याच क्रमांकावर चालतो. टीममधलं कोणी नवा क्रमांक मागायला आलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: गोमधला डीकोडर कोण लिहितंय?